परमुलखातला पाऊस

वनस्पतिशास्त्रज्ञ कंदांची कुळे ठरवितात ती पाकळ्या, केसर आणि बीजकोश पाहून. तो त्यांचा अधिकार आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. जमतील तशा कादंबऱ्या लिहितो आणि उरलेल्या वेळात अंकुशनगरातल्या घरामागे कुंड्यांची उठाठेव करतो. माझ्यापुरती मी कंदांची दोनच कुळे मानली आहेत, आणि ती पावसावरून मानली आहेत.

पहिले कूळ आपल्या घरचे. माळावरचा रानकांदा चैत्र-वैशाखाच्या उन्हात पानावाचून फुलाचा दांडा वर काढतो आणि पावसाची चाहूल लागल्यावर मग पाने सोडतो. गडंबीकांदा, कळलावी, डोंगरउतारावरची फोडशी ही सारी मंडळी मृगाची वाट पाहणारी. मृग-आर्द्रात जागे व्हायचे, चार महिने खाऊनपिऊन घ्यायचे आणि हस्त सरला की पुढच्या वर्षाची शिदोरी बांधून जमिनीखाली निजायचे. कुणब्याचे वर्ष आणि या कंदांचे वर्ष एकच.

दुसरे कूळ परमुलखातले. भूमध्य समुद्राचा किनारा, इराणचा काही भाग आणि आफ्रिकेचे नैर्ऋत्य टोक, म्हणजे केपचा मुलूख, येथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. तिकडचा कंद उन्हाळाभर झोपतो, थंडीच्या पावसाने जागा होतो आणि थंडीतच फुलतो. नर्गिस या कुळातला; फ्रीझिया आणि लॅशेनालिया हे केपकडचे. थंडीत फुलणारे असले तरी यांतले बहुतेक नाजूक. पाणी गोठविणारी थंडी त्यांना सोसत नाही.

मराठवाड्यात हिवाळा आहे. हिवाळ्यातला पाऊस नाही. अवकाळीच्या दोन सरी कधी येतात त्या नुकसान करून जातात. तेव्हा ज्याने कोणी असा कंद या भूमीत आणला, त्याला कंदाबरोबर त्याचा पाऊसही आणावा लागला; आणि तो आभाळातून येत नसल्यामुळे कोणाच्या तरी खांद्यावरून, कावडीतून, नळातून, पाटातून यावा लागला. आपल्या शाळेतल्या इतिहासात लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. हा पाऊस नसतो. म्हणून त्याची ही हकीकत.

*

बाबराला हिंदुस्थान जिंकता आला, पण आवडला नाही. येथे वाहते पाणी नाही, बागा नाहीत, अशी तक्रार त्याने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. त्याच ग्रंथात काबूलच्या टेकड्यांची आठवण येते. त्या टेकड्यांवरच्या लाल्याच्या, म्हणजे ट्यूलिपच्या, जाती त्याने मोजविल्या आणि त्या ३२-३३ भरल्या. राज्य मिळाले तरी मनुष्याला आपल्या मुलखातला ऋतू हवाच असतो. आग्र्याला पोचताच त्याने विहिरी खणविल्या, पाट काढविले आणि चौकोनी आखणीची चारबाग सुरू केली.

पण ट्यूलिप हा मोठा हट्टी कंद. त्याला तीनचार महिने चांगली थंडी मिळाली नाही तर तो फुलत नाही. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनातल्या बागेत तो फुलतो तो थंडी देऊन तयार केलेले कंद नेदरलँड्सहून मागवून. जहांगीर बादशहा १६२० साली काश्मीरला गेला, तेव्हा त्याच्या पदरचा चित्रकार मन्सूर याने शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, असे बादशहाने स्वतः लिहून ठेवले आहे. मन्सूरने काढलेला तांबडा ट्यूलिप आजही चित्रसंग्रहात पाहायला मिळतो. जे फूल मैदानी मुलखात मातीतून येईना, ते असे कागदावर आले आणि कागदावरून दगडात गेले. ताजमहालाच्या भिंतींच्या खालच्या पट्ट्यात संगमरवरात फुललेली लिली, आयरिस आणि ट्यूलिप पाहिली म्हणजे मला तर ती बादशाही हौस न वाटता बादशाही घरओढ वाटते.

ही घरओढ आमच्या मराठवाड्यातही आली. मलिक अंबर याने १६१० साली खडकी वसविली. हा मुळात हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. स्वतःच एक परमुलखातले रोप. त्याने डोंगराच्या पोटातले पाणी खापरी नळांनी शहरात खेळविले. हीच ती नहर-ए-अंबरी. पुढे खडकीचे औरंगाबाद झाले आणि औरंगाबादचे २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली. तिचा मकबरा तिचा मुलगा आझमशहा याच्या नावावर आहे आणि १६६० च्या सुमारास तो उभा राहिला. अताउल्ला हा त्याचा शिल्पकार आणि हंसपतराय हा त्याचा स्थापत्यतज्ज्ञ. आग्र्याला जे संगमरवरात कोरले, ते येथे बरेचसे चुन्याच्या गिलाव्यात काढावे लागले. तिजोरी आटली तरी फुले सोडवली नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मकबऱ्याभोवतालची बागही चारबागच. अशी बाग सातशे मिलिमीटर पावसाच्या, तोही चार महिन्यांत पडून जाणाऱ्या प्रदेशात जगवायची म्हणजे पाण्याची स्वतंत्र व्यवस्था हवी. जिथवर नळाचे पाणी पोचे तिथवर बाग, आणि पलीकडे ज्वारीची ताटे. ज्या काव्यपरंपरेत औरंगाबादचे वली आणि सिराज गझला लिहून गेले, तीत नर्गिस म्हणजे प्रेयसीचा डोळा. आमच्या वडिलांच्या पिढीला मात्र नर्गिस माहीत झाली ती चित्रपटगृहात. फुलाचे नाव गावोगाव पोचले, फूल पोचले नाही. त्याला लागणारे पाणी दरबाराच्या भिंतीआडच राहिले.

*

याच्या उलट हकीकत गुलछबूची, म्हणजे आपल्या निशिगंधाची. हा कंद मेक्सिकोचा. तिकडचे अझ्टेक लोक त्याला हाडाचे फूल म्हणत, बहुधा त्याच्या पांढऱ्याफेक रंगावरून, आणि त्याचा वास चॉकलेटच्या पेयालाही लावीत. १५९४ च्या सुमारास स्पेनमधील सेव्हिलचा वैद्य सिमोन दे तोवार याच्या बागेतून तो युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती गेला. त्याचे लॅटिन नाव ‘ट्यूबरोझा’, म्हणजे गाठीदार. त्याचेच इंग्रजीत ‘ट्यूबरोझ’ झाले आणि गुलाबाशी सुतराम संबंध नसलेल्या फुलाला लोक गुलाबाचा भाऊबंद समजू लागले. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो भारतात उतरला असे मानतात.

येथे आल्यावर त्याला फारसी नाव मिळाले. गुल-ए-शब्बू, रात्री दरवळणारे फूल. मौज अशी की इराणात शब्बू हे दुसऱ्याच एका सुवासिक झाडाचे नाव; गुलछबूला तिकडे मरियमचे फूल म्हणतात. म्हणजे आपण कंद मेक्सिकोचा घेतला, वाहतूक पोर्तुगीजांची घेतली, नाव इराणचे घेतले, आणि ते मराठी जिभेवर घोळवून गुलछबू, गुलछडी असे आपले करून टाकले. निशिगंध हे संस्कृत नाव तर त्याला इतके शोभते की कालिदासाच्या काळापासून तो इथलाच असावा, असे माझ्या वर्गातल्या मुलांना वाटते.

हा पाहुणा घरचा का झाला? एक कारण असे की त्याच्या मायदेशी पाऊस उन्हाळ्या-पावसाळ्यातला, आपल्यासारखाच. त्याला आपले पंचांग बदलावे लागले नाही. चैत्र-वैशाखात लावलेला कंद पावसाळ्यापासून फुलू लागतो आणि कडाक्याच्या थंडीत थोडा मागे सरतो. दुसरे कारण माणसांचे. तो देवाच्या हारात गेला, वेणीत गेला, लग्नाच्या मांडवात गेला. पुणे, सातारा, नाशिक, सोलापूर या जिल्ह्यांतला शेतकरी त्याची सुटी फुले किलोवर विकतो आणि दांड्या जुडीवर विकतो. ज्या फुलावर कोणाचे तरी घर चालते, त्या फुलाला पाणी मिळते.

*

आता केपची गोष्ट. १६५२ साली यान फान रिबेक या डच अंमलदाराने केपला ठाणे घातले ते मुळात भाजीच्या मळ्यासाठी. हॉलंडहून पूर्वेकडे जाणाऱ्या गलबतांवरचे खलाशी ताज्या भाजीवाचून स्कर्व्हीने मरत. त्यांना वाटेत पाला मिळावा हा हेतू. याच डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्यात १६३७ पासून होती. केपच्या आसपासच्या टेकड्या हिवाळी पावसाने रंगीबेरंगी होतात, हे खलाशांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. १७७२ साली लंडनजवळच्या क्यू उद्यानाने फ्रान्सिस मॅसन या आपल्या माळ्याला खास वनस्पती जमविण्यासाठी केपला धाडले. कंद हा समुद्रप्रवासाला सर्वांत सोयीचा प्रवासी. त्याला ना माती लागते ना गोडे पाणी. कोरड्या वाळूच्या पेटीत तो निमूट निजून असतो. वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने रोपांसाठी बंद काचपेटी काढली ती १८३० च्या सुमारास. तोवर दूरचा प्रवास सुखरूप करावा तो बियांनी आणि कंदांनीच.

युरोपात या केपच्या कंदांना बर्फापासून जपण्यासाठी काचघरे उभारली गेली. इंग्लंडात काचेवर कर होता. तो १८४५ साली उठला आणि श्रीमंतांची हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मुंबईला येणारी इंग्रजी जहाजेही केपला वळसा घालूनच येत. १८६९ साली सुवेझचा कालवा झाला आणि तो रस्ता सुटला. केप दक्षिण गोलार्धात असल्याने तेथला हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. तिकडून आलेल्या कंदाला सहा महिन्यांचे गणित उलटे करून घ्यावे लागते. आपल्या मृगात त्याची जागे होण्याची वेळ झालेली असते; त्याला तेव्हा कोरडे ठेवून दिवाळीपर्यंत थोपवायचे, की मग तो हळूहळू नव्या पंचांगाला रुळतो.

मुंबई इलाख्यात अशा परक्या वनस्पतींची पहिली मोठी सरकारी बाग निघाली ती पुण्याजवळ दापोडीला, इंग्रजांच्या भाषेत दापुरीला, पवनेच्या काठी. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने ती १८२८ साली सुरू केली. १८३८ पासून ती डॉ. अलेक्झांडर गिब्सन याच्या हाती आली. गिब्सन व्यवहारी मनुष्य. फुलांपेक्षा औषधी वनस्पतींकडे आणि जंगल राखण्याकडे त्याचा ओढा अधिक. डाल्झेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १८६१ साली निघाला. त्यात बाहेरून आणून लावलेल्या झाडांची पुरवणी मुद्दाम जोडलेली आहे. दापुरीच्या बागेतल्या वनस्पतींची सुंदर रंगीत चित्रे १८४७ ते १८५० या काळात एका हिंदी चित्रकाराने काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत. गव्हर्नराचे नाव राहिले, डॉक्टराचे नाव राहिले. चित्रकाराचे नाव चित्रांवर नाही. आणि कुंडीकुंडीला पाणी घालणाऱ्या माळ्यांचे तर कोठेच नाही.

दापुरीची बाग १८६५ साली बंद झाली. १८७३ साली गणेशखिंडीत, नव्या गव्हर्नर बंगल्याच्या शेजारी, दुसरे वनस्पतिउद्यान निघाले आणि क्यूत शिकून आलेला जी. मार्शल वुड्रो त्याचा प्रमुख झाला. त्याचे ‘गार्डनिंग इन इंडिया’ हे पुस्तक साहेबलोकांत बरेच खपले. तो बंगला आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. साहेब गेला, पण गणेशखिंडीतले काम थांबले नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तेथे ग्लॅडिओलसचे ‘फुले गणेश’, ‘फुले प्रेरणा’ असे वाण आणि निशिगंधाचा ‘फुले रजनी’ हा वाण तयार केला. ग्लॅडिओलसही मूळचा आफ्रिकेचाच. युरोपात तो उन्हाळ्यात फुलतो. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास लावला की पौष-माघात. लागणारा गारवा त्याला तिकडे उन्हाळ्यात मिळतो, इकडे हिवाळ्यात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते, तेव्हा ही सारी परदेशी घराणी मराठी माळ्यांच्या हातची सजून बसलेली दिसतात.

*

अंकुशनगर हे अंबड तालुक्यातले साखर कारखान्याचे गाव. जायकवाडीचे धरण पैठणला झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. त्याचा डावा कालवा आमच्या भागात आला आणि मागोमाग ऊस आला. जालना जिल्हा मोसंबीचाही. आणि मोसंबी हे नाव मोझांबिकवरून आले असे म्हणतात. येथे कोण इथला आणि कोण बाहेरचा, हे विचारायची सोय नाही.

अशा गावात मी नर्गिस आणि फ्रीझिया लावतो. आमची काळी माती त्यांना चालत नाही; पाणी धरून ठेवते आणि कंद कुजवते. नदीकाठची पोयट्याची माती, वाळू आणि जुने मुरलेले शेणखत सारख्या भागांनी घेतो. दिवाळीनंतर रात्री गार पडू लागल्या की कंद लावतो, मान जरा वर ठेवून. सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली येईल अशी जागा देतो. सहाआठ आठवड्यांत नर्गिस फुलतो, फ्रीझिया त्यामागून. होळीच्या सुमारास पाने पिवळी पडली की पाणी तोडायचे आणि कुंड्या कोरड्या पडू द्यायच्या.

वाचकांना वाटेल की बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात हे कंद भाजून जात असतील. तसे होत नाही. झोपेच्या काळात त्यांना ऊब हवीच असते; फ्रीझियाची झोप तर उबेवाचून मोडत नाही. त्यांचा खरा वैरी आपला पावसाळा. उकाडा आणि ओल एकत्र आली की आठ दिवसांत कंदाचा लगदा. युरोपातल्या माळ्याने काचघर बांधले ते बर्फ अडविण्यासाठी. मला पत्र्याचे छप्पर घालावे लागते ते पाऊस अडविण्यासाठी.

आणि येथे मनाला एक कुसळ बोचते. एका वर्षी मृगाचे पहिले ढग आले. सारे गाव ओट्यावर येऊन उभे. आणि मी कुंड्या उचलून पत्र्याखाली नेत होतो. शेजारचे एक वृद्ध शेतकरी म्हणाले, “गुरुजी, समद्या गावाचे डोळे आभाळाकडं लागलेत, अन् तुम्ही पावसापासून काय लपवता?” मी सांगितले ते त्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, “मंग यांना पाणी कवा?” मी म्हणालो, “थंडीत.” त्यावर ते काहीच बोलले नाहीत. बोलण्यासारखे नव्हतेच. पाऊस नको म्हणणारे आणि पाणी नसते तेव्हा मागणारे झाड त्यांच्या हिशेबात बसत नव्हते.

२०१२ साली पाऊस रुसला. त्या हिवाळ्यात जालना जिल्ह्यात टँकर फिरू लागले, जायकवाडी तळाला गेले, आणि पंधरापंधरा वर्षांच्या मोसंबीच्या बागा उभ्या जागी वाळल्या. पोराप्रमाणे वाढविलेली झाडे सरपणाला तोडताना मी माणसे पाहिली आहेत. त्या वर्षी मी कंद लावलेच नाहीत. वाळूच्या माठात तसेच राहू दिले. पुढल्या दिवाळीला उघडले तेव्हा निम्मे सुकून खुळखुळत होते. उरले ते लावले. पाने आली, फुले नाहीत. फुले यायला आणखी एक हिवाळा जावा लागला. एवढा उपास काढून जो कंद फुलतो त्याला नाजूक म्हणावे की चिवट, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

*

हिवाळी कंदांची ही सारी कथा वाचून कोणी म्हणेल की हा बादशहांचा आणि साहेबांचा खेळ. आपल्या दुष्काळी मुलखाचे त्यात काय? त्यांना मी पौष-माघात जालना-बुलढाण्याच्या भागात फिरायला सांगेन. तेथे कांद्याचे बीजोत्पादन होते. निवडलेले कांदे दिवाळीच्या आगेमागे लावतात. थंडी मिळाली की त्यांना डेंगळे फुटतात आणि कमरेइतक्या उंचीवर पांढरे गोंडे डोलू लागतात. तोही कंदच, थंडीतच फुलणारा, पाटाच्या किंवा ठिबकच्या पाण्यावर वाढणारा, आणि मूळचा मध्य आशियाचा. बाबराच्याच वाटेने पण त्याच्या फार आधी आलेला. त्यालाही निवारा हवा. ढगाळ हवा पडली, मधमाश्या फिरकल्या नाहीत, किंवा २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली, तर वर्षाची कमाई मातीत जाते. पण त्याला परका म्हणावे असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. त्याने भाकरीशी सोयरीक केली आहे.

इतिहासाने मला शिकविले ते एवढेच. परमुलखातला कंद कोठेही आणता येतो, परमुलखातला पाऊस आणता येत नाही. तो माणसाने आपल्या हाताने पाडावा लागतो. बादशहाच्या बागेतला तो पाऊस बादशाहीबरोबर थांबला, गव्हर्नराच्या बागेतला राज्याबरोबर थांबला असता, पण आपल्या माळ्यांनी आणि शेतकीच्या शास्त्रज्ञांनी तो पुढे चालविला. निशिगंधाला हारातून पाणी मिळाले, कांद्याला भाकरीतून. माझ्या नर्गिसाला अजून अशी सोयरीक सापडलेली नाही. तो शाळामास्तराच्या हौसेवर जगतो आहे, आणि हौसेचे पाणी पहिल्या दुष्काळात आटते हे मी पाहिले आहे.

तरीही दर दिवाळीला मी ते कंद लावतो. नहरीच्या नळांपासून गणेशखिंडीपर्यंत ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्या माळ्यांचे काम आपल्याकडून अगदीच तुटू नये, एवढीच त्यामागची इच्छा. विहिरीला पाणी असेल त्या वर्षी त्यातले दोन तांबे या परक्यांना द्यावेत. नसेल त्या वर्षी त्यांनी माठातल्या वाळूत निजावे. एवढा समजूतदारपणा त्यांच्यापाशी आहे. तोच आपल्यापाशीही असावा.